पाळी संपली की तालीम

डिसेंबर 2016 मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पनवेलजवळच्या कोनमधल्या घरांची सोडत काढली. एमएमआरडीएने भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या लहान खोल्या, त्यातल्या दोन जोडून 320 चौरस फुटांचं एक घर. चावी हाती पडेपर्यंत मध्ये कित्येक वर्षं गेली, करोनाच्या काळात याच वसाहतीत विलगीकरण केंद्रही झालं. परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या घराण्यांची तिसरी पिढी आता जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या या इमारतींत संसार मांडते आहे. या पिढीतल्या कुणाला नट व्हायचं असेल, तर त्याला सांगण्यासारखं बरंच काही आजोबांच्या मुंबईत घडून गेलेलं आहे.

कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिचं दामोदर नाट्यगृह 1922 मध्ये परळला उभं राहिलं. कोकणातून गिरणीत आलेला माणूस नमन-खेळे, शक्ती-तुरा, दशावतार सोबत घेऊन आला होता. दामोदरच्या रंगमंचावर त्याला हक्काची जागा मिळाली. 1953 मध्ये कामगार कल्याण मंडळ आलं. मंडळाच्या केंद्रांमधून नाट्यस्पर्धा होऊ लागल्या आणि गिरणीत साच्यावर काम करणारा माणूस तोंडाला रंग लावून परीक्षकांसमोर उभा राहू लागला.

या माणसांची तालीम पाळीवर चाले. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, दुसरी मध्यरात्री. पहिल्या पाळीचा नायक आणि दुसऱ्या पाळीचा खलनायक यांना एकत्र आणायचं, तर रविवारच उरे. इतर दिवशी जो हजर असेल त्याने गैरहजर माणसाची वाक्यं म्हणायची. त्यामुळे प्रत्येकाला अख्खं नाटक पाठ असे. मला ही सवय फार मोलाची वाटते. आज मोबाइलवर फक्त आपला प्रवेश मागवून घेणाऱ्या मुलाला समोरचं पात्र काय म्हणतं तेच ठाऊक नसतं. मग तो ऐकत नाही, आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभा राहतो, आणि हे प्रेक्षकाला लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. चाळीच्या चौकात, गणपतीच्या मांडवात, पोरांच्या रडण्यात आणि भांड्यांच्या आवाजात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, ही त्यांची शाळा. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. नवा नट जोरात सुरुवात करतो, मधल्या शब्दांवर श्वास उधळतो आणि क्रियापदाशी पोचेपर्यंत त्याच्याकडे हवाच उरत नाही. ‘मी त्याला पैसे दिले’ की ‘दिले नाहीत’, हेच मागे कळत नाही. रोज सकाळी वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी बसवा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला का, एवढंच विचारा. महिनाभरात फरक पडतो. माइक लावून काम करायचं असलं तरी हे लागतंच, कारण माइक आवाज मोठा करतो, गिळलेला शब्द परत आणत नाही.

पोटापाण्याचा प्रश्न तेव्हाही होता. नायगावचे दादा कोंडके अपना बाजारात नोकरी करत आणि सेवा दलाच्या कलापथकात उभे राहत. त्यांनी गाजवलेलं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य 1965 मध्ये आलं. पुण्यात निळू फुले माळीकाम करत कलापथकात घडले. लक्ष्मीकांत बेर्डे साहित्य संघात नोकरी करत पडतील त्या बारक्या भूमिका करत राहिले आणि ‘टुरटुर’ या नाटकाने त्यांना उचललं. प्रशांत दामले बेस्टमध्ये होते. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी 12,500 वा प्रयोग केला. यांच्यापैकी कुणी ‘आधी सगळं सोडतो, मग नट होतो’ असं केलं नाही. नोकरीने त्यांना वाट पाहायची ताकद दिली. हातात पैसा नसलेला नट मिळेल त्याला हो म्हणतो आणि मग तेच काम त्याच्या नावाला चिकटतं.

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेला टॅक्सीचालकाचा मुलगा भरत जाधव 1985 च्या सुमारास शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’त गेला. समूहात नाचायचं, धावत विंगेत जायचं, पोशाख बदलायचा, दुसऱ्या सोंगात परत यायचं. 2002 मध्ये ‘सही रे सही’ नाटकात त्याने चार भूमिका केल्या, त्यामागे ही सगळी वर्षं उभी होती असं मला ठामपणे वाटतं. कोरसमध्ये उभं राहायला लाजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप कधी संपला ते कुणी धड सांगू शकत नाही, पण गिरण्यांबरोबर पाळ्या गेल्या आणि पाळ्यांवर बसवलेल्या तालमीही. जयंत पवार यांनी 1997 मध्ये ‘अधांतर’ लिहून या घरांची पडझड रंगभूमीवर आणली. ज्योती सुभाष, संजय नार्वेकर यांच्या त्यातल्या कामांची आठवण लोक अजून काढतात. ज्या वस्तीने नट दिले, तीच वस्ती त्या नाटकाचा विषय झाली.

आजची बाजारपेठ वेगळी आहे. ऑडिशन बहुतेकदा घरीच चित्रित करून पाठवायची असते. साधी भिंत, समोरून खिडकीचा उजेड, पंखा बंद, आणि समोरची वाक्यं वाचायला एक समजदार माणूस, एवढं पुरतं. मालिकेचे पैसे काम झाल्यावर तीन-तीन महिन्यांनी हाती येतात, म्हणून तेवढ्या महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला असावा. तारखा, रक्कम, काम कधी सुरू झालं, सगळं लिहून ठेवा. आणि ऑडिशनसाठी, ‘पोर्टफोलिओ’साठी किंवा ओळखपत्रासाठी जिथे आधी पैसे मागतात, तिथून निघून या. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

शिक्षणाच्या जागा आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून, मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली नाट्य अकादमी 2003 पासून. पण प्रवेश मिळाला तरी रोजचा सराव गल्लीतच करावा लागतो. पनवेलहून हार्बरने मुंबई गाठायला जवळपास दीड तास जातो. जाताना संहिता वाचायला हा वेळ पुरेसा आहे.

मुख्य म्हणजे कोन आता तितकं आडबाजूला राहिलेलं नाही. पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. पनवेलला अटल करंडक एकांकिका स्पर्धा होते आणि तिथे राज्यभरातून संघ येतात. जुन्या रस्त्याने पुढे चौककडे गेलं की 2005 मध्ये कला दिग्दर्शक नितीन देसाईंनी उभारलेला चित्रीकरणाचा स्टुडिओ लागतो. दामोदर मात्र 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, त्यामुळे परळलाच जायला हवं हा हट्टही आता धरता येत नाही.

उणीव आहे ती तालमीच्या जागेची. 320 चौरस फुटांत आठ माणसांची एकांकिका बसत नाही. म्हणून कोनच्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे: सभागृह असेल तर ते, नसेल तर तळमजल्यावरची मोकळी जागा, आठवड्यातून तीन संध्याकाळ या मुलांना द्या. वीजबिल मुलं भरतील, झाडलोटही करतील. गणपतीत त्यांच्याकडून एक प्रयोग मागून घ्या, आणि पुढच्या स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर आपल्या वसाहतीचं नाव लिहायला सांगा.