चिनी वैद्यकातील रोगविचार आणि बुद्धवचन

रोग का होतो, हा प्रश्न जितका वैद्याचा तितकाच धम्माच्या अभ्यासकाचाही आहे. आपल्या समाजात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी 'मागल्या जन्मीचे भोग' असे आजही सहज म्हटले जाते. त्यामुळे रोग्याच्या माथी दोष येतो आणि खऱ्या कारणाचा शोध थांबतो. म्हणूनच, बौद्ध धम्म ज्या चीन देशात पोचला तेथील परंपरागत वैद्यकाने रोगाचा विचार कसा केला, हे प्रस्तुत लेखात आम्ही थोडक्यात मांडणार आहोत.

चीनमध्ये शांग राजवटीच्या काळी रोग हा पितरांच्या कोपाने होतो, अशी समजूत होती. त्या काळी हाडांवर कोरून ठेवलेले कौलाचे प्रश्न याची साक्ष देतात. पुढे इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात मात्र निराळी दृष्टी दिसते. रोगाला ऋतू, आहार, श्रम, मनोविकार अशी कारणे असतात व ती निरीक्षणाने जाणता येतात, ही त्या ग्रंथाची मूळ भूमिका होय.

या वैद्यकानुसार शरीरात 'च्यी' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी संचार करते. यिन आणि यांग ही परस्परपूरक तत्त्वे आहेत. शीत, स्थिर व अंतर्मुख ते यिन. उष्ण, गतिमान व बहिर्मुख ते यांग. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, लोहादी धातू आणि जल या पाच अवस्थांचा संबंध अनुक्रमे यकृत, हृदय, प्लीहा, फुप्फुस व मूत्रपिंड यांच्याशी जोडलेला आहे. यांचा समतोल म्हणजे आरोग्य आणि समतोल ढळणे म्हणजे रोग.

समतोल ढळण्याच्या कारणांचे त्रिविध वर्गीकरण चेन यान याने 1174 साली सुव्यवस्थित मांडले. वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, दमटपणा, कोरडेपणा व अग्नी ही सहा बाह्य कारणे. हर्ष, क्रोध, चिंता, अतिविचार, शोक, भय व धसका हे सात आंतरिक मनोविकार. आणि अयोग्य आहार, अतिश्रम, जखमा, विषारी दंश इत्यादी तिसऱ्या वर्गातील कारणे.

निदानाच्या पद्धती चार आहेत. पहिली पाहणे: चेहऱ्याचा वर्ण, चाल आणि विशेषतः जिभेचा रंग व तीवरील थर. दुसरी ऐकणे व गंध घेणे. तिसरी विचारणे: भूक, झोप, घाम, वेदना यांविषयी. चौथी स्पर्श करणे. हीत नाडीपरीक्षा मुख्य असून प्रत्येक मनगटावर तीन स्थानी ती पाहतात. मिळालेल्या लक्षणांची छाननी यिन-यांग, बाह्य-आंतरिक, शीत-उष्ण आणि क्षीणता-आधिक्य या चार जोड्यांनी होते. उदाहरणार्थ, दोघांचेही डोके दुखत आहे. एकास थंडी वाजते आणि त्याची नाडी वरच्यावर लागते. दुसऱ्याचा चेहरा व जीभ लाल असून नाडी ताणलेल्या तारेसारखी आहे. पहिल्याच्या दुखण्याचे कारण बाहेरची थंडी, तर दुसऱ्याच्या दुखण्याचे कारण आतील उष्णता ठरते. तक्रार एकच, पण कारण वेगळे म्हणून उपचारही वेगळा.

बौद्ध धम्माबरोबर भारतीय वैद्यकविचारही चीनमध्ये गेला. पृथ्वी, आप, तेज व वायू या चार महाभूतांच्या प्रत्येकी 101 विकारांनी 404 रोग होतात, ही कल्पना सातव्या शतकातील वैद्य सुन सीम्याओ याच्या ग्रंथात आढळते. तिएनताई परंपरेचे आचार्य झि-यी (538-597) यांनी रोगाची सहा कारणे सांगताना महाभूतांचे वैषम्य व आहार यांना स्थान दिले. कम्म हे त्या सहांपैकी केवळ एक. नालंदा येथे अध्ययन केलेल्या इत्सिंग या भिक्खूने भारतातील आठ अंगांच्या वैद्यकाची माहिती लिहून ठेवली, आणि सूचिचिकित्सा व नाडीज्ञान यांत चीन अग्रेसर असल्याचेही नोंदविले.

या साऱ्याचे मूळ बुद्धवचनातच सापडते. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकम्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, हे कसे? भगवंत उत्तरादाखल आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिहींचा संयोग, ऋतुपालट, विषम आचरण, आघात आणि आठवे कम्मविपाक. म्हणजे पूर्वकम्माचा सिद्धान्त सर्वत्र लावणे भगवंतांनी स्पष्टपणे अमान्य केले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाचा कम्मविचार व ब्राह्मणी कर्मविपाक यांतील भेद आवर्जून दाखविला आहे.

तथापि प्राचीन आहे म्हणून चिनी वैद्यक जसेच्या तसे स्वीकारावे, असे आम्ही सुचवीत नाही. यिन-यांग व च्यी या संकल्पना आधुनिक शरीरशास्त्राने सिद्ध केलेल्या नाहीत. ज्वरावरील छिंगहाओ या वनस्पतीचा उल्लेख चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथात होता. थू यौयौ यांनी 1970 च्या दशकारंभी प्रयोगशाळेत तिचा अर्क तपासला, तेव्हा त्यातून हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध हाती आले व 2015 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंपरेने दिशा दाखविली. प्रामाण्य मात्र परीक्षेने दिले. कालामांना दिलेल्या उपदेशाचे मर्म याहून वेगळे नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. भगवंतांनी त्याला पूर्वजन्म विचारला नाही. तुला कोणता आजार आहे आणि तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय, असे विचारले. मग आनंदासह त्याला स्नान घालून, उचलून मंचावर निजविले. रोग्याच्या उशाशी बसताना हेच दोन प्रश्न आपणही विचारावेत.