हृदयाचे ऑपरेशन आणि रक्तातील थकलेले शिपाई

हृदयाचे ऑपरेशन यशस्वी झाले असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु एखाद्या रुग्णाला चार दिवसांनी ताप येतो, व्हेंटिलेटर निघत नाही. मग नातेवाईक विचारतात, "ऑपरेशन तर चांगले झाले होते, मग मध्येच हे काय?" रुग्णांच्या कामासाठी दवाखान्यात जाताना हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला. आम्ही डॉक्टर नाही. पण वाचून, विचारून जे समजले ते येथे मांडत आहोत.

प्रौढ माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. ह्याच शरीराच्या रक्षक. शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. एका काट्याने हे होते, मग छातीचे हाड कापून हृदयाला हात घातला तर काय होईल?

हृदय थांबवून ऑपरेशन करताना रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. असे पहिले यशस्वी ऑपरेशन डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे केले. या यंत्राने असंख्य जीव वाचवले. पण रक्त प्लास्टिकच्या नळ्यांना लागते तेव्हा शरीराला परका शत्रू आल्यासारखे वाटते. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी झपाट्याने वाढतात. हाडांतील मगजातून कच्चे शिपाईसुद्धा बाहेर पडतात. हा भडका फार झाला तर फुफ्फुसे व मूत्रपिंडे यांनाही इजा होते. यंत्राशिवायही बायपास करतात, तरी जखमेचा ताण शरीरावर येतोच.

त्याच वेळी उलटेही घडते. जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या लिम्फोसाइट पेशी कमी होतात. मोनोसाइट पेशी जंतूचा तुकडा एचएलए-डीआर नावाच्या रेणूवर धरून लिम्फोसाइटना दाखवतात. जणू इशाऱ्याचे निशाणच. हे निशाणही कमी होते. म्हणजे शिपायांची गर्दी वाढली, पण शत्रू कोण हे सांगणारे गप्प झाले! बहुतेकांत ही स्थिती काही दिवसांत सुधारते. अत्यवस्थ रुग्णांत ती लांबते आणि न्यूमोनिया किंवा रक्तातील जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यात व्हेंटिलेटर, सलाईन, लघवीची नळी ही जंतूंना शिरायची दारेच होत.

म्हणून आयसीयूत एकालाच सोडतात, तेव्हा तो आपला अपमान समजू नये. गावाहून माणसे आली तरी सर्वांनी आत जाण्याचा हट्ट धरू नये. सर्दी-खोकला असणाऱ्याने बाहेरूनच चौकशी करावी. आत जाताना व बाहेर येताना हात धुवावेत. नळ्यांना, जखमेला हात लावू नये. बाहेरचा अंगारा, तीर्थ, काढा वा ताकदीची पावडर रुग्णाच्या तोंडात घालू नये.

ऑपरेशननंतर पांढऱ्या पेशी वाढल्याचा रिपोर्ट आला की लगेच जंतूच झाले असे नसते. "संसर्ग आहे का, की ऑपरेशनचा परिणाम आहे?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विचारणे हा आपला हक्क आहे.

ऑपरेशन ठरलेले असेल तर आधीच विडी-तंबाखू सोडावी, साखर ताब्यात आणावी, किडके दात दाखवावेत. घरी आल्यावर ताप, थंडी, जखमेतून पू किंवा छातीच्या हाडाची कटकट जाणवली तर उरलेल्या गोळ्या मनाने न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सर्जनचे काम काही तासांत संपते. रक्तातील शिपायांना सावरायला मात्र दिवस लागतात. तेवढे दिवस घरच्यांनी पहारा द्यावा.