आकडा सापडला, एकक हुकले

‘५०० एमजी’, ‘५०० मि.ग्रॅ.’ आणि ‘०.५ ग्रॅम’ या तिन्हींचा अर्थ एकच. वॉर्डातल्या सिस्टरला तो वाचताक्षणी कळतो. संगणकाला मात्र त्या अक्षरांच्या तीन वेगवेगळ्या ओळी वाटतात. केसपेपरच्या हजारो नोंदींतून औषधांचे डोस शोधायचे, तर त्याला लिखाणाचा साचा सांगावा लागतो. या साच्याला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात.

गंमत म्हणजे याचे मूळ मेंदूच्या अभ्यासात आहे. वॉरेन मॅककलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचे गणित मांडले. त्यावर विचार करताना गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांना १९५० च्या दशकात ही कल्पना सुचली.

साचा दिसायला सोपा: आधी अंक, असलाच तर दशांशचिन्ह व पुढचे अंक, मध्ये जागा असो वा नसो, शेवटी यादीतले एखादे एकक. गोम दशांशचिन्हात आहे. साच्यात ते घालायचे राहिले, तर हृदयविकारातल्या डिगॉक्सिनच्या ‘०.२५ मिग्रॅ’मधून संगणक नेमके ‘२५ मिग्रॅ’ उचलतो. म्हणजे शंभरपट! एककही पूर्ण पकडावे लागते. ताप आलेल्या बाळाला पॅरासिटामॉल ‘१५ मिग्रॅ प्रति किलो’ लिहिले आणि साचा ‘मिग्रॅ’पाशीच थांबला, तर १० किलोच्या बाळाचा १५० मिलिग्रॅमचा डोस नोंदीत १५ उरतो. मराठी नोंदींत आणखी एक अडचण येते. काही संगणकभाषा ‘५’ला अंक मानतात, काही फक्त इंग्रजी अंकच ओळखतात.

मुळात लिहिणाऱ्यानेच घोळ घातला असेल, तर साचा हतबल असतो. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ऐवजी घाईत काढलेला रोमन ‘यू’ शून्यासारखा दिसतो, आणि १० चे १०० होतात. नोंद करणाऱ्याने ‘१०० युनिट’ टंकले की साच्याच्या लेखी सारे बिनचूक! डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद इथे संपतात. अमेरिकेतील ‘जॉइंट कमिशन’ने २००४ मध्ये हा ‘यू’ निषिद्ध यादीत टाकला. ‘५.०’मधले शेवटचे शून्यही त्याच यादीत आहे, कारण टिंब पुसट झाले की ते ५० वाचले जाते.

म्हणून साच्याने शोधलेला प्रत्येक डोस त्या औषधाच्या नेहमीच्या मर्यादेशी ताडून पाहावा लागतो. मर्यादेबाहेरचा आकडा संगणकाने परस्पर दुरुस्त करायचा नसतो. तो डॉक्टर किंवा फार्मासिस्टपुढे ठेवायचा असतो.