सात फाशांसाठी सागवानी डबी

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांना फाशांचा संच किती जपावा लागतो ते माहीत असेल. 4, 6, 8, 12 आणि 20 बाजूंचे प्रत्येकी एक आणि 10 बाजूंचे दोन, असे एकूण सात. नेमका हाच आकडा डबी करताना कामी येतो!

सागाचा 100 मिमी चौरस, 25 मिमी जाड ठोकळा घ्या. मध्यबिंदूवरून कंपासने 30 मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. आता कंपास तेवढाच उघडा ठेवून वर्तुळावर खुणा करत फिरा, बरोबर सहा खुणा होतात. मधली धरून सात! प्रत्येक खुणेवर 25 मिमीच्या फोर्स्टनर बिटने 18 मिमी खोल भोक पाडा. साधं ड्रिल बिट नको, त्याने तळ सपाट येत नाही. लाकूड शिकंज्यात घट्ट आवळा आणि बिट सावकाश उतरवा. घाई केली की कडा करपतात. माझा पहिला ठोकळा असाच वाया गेला.

झाकणाला हीच नक्षी, पण 6 मिमी खोल. चार कोपऱ्यांत छोटी लोहचुंबकं चिकटवण्याआधी कोणती बाजू ओढते ते पेनाने खूण करून ठेवा.

शेवटी 120, 220, 320 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. मग जवसाचं तेल. पहिला हात फिरताच सागाचा रंग असा खुलतो की बघत राहावं. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.