हक्क, मुदत आणि तालुक्याचा वकील

सोनई हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील, मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव असून येथील प्रपंच प्रामुख्याने ऊस, पाणी आणि जमीन यांवर चालत असल्यामुळे वकिलाकडे येणारी कामेही बहुधा बांध, शेतरस्ता, वाटणी आणि वारस नोंद यांचीच असतात. दावे नेवाशाच्या न्यायालयात चालतात आणि उच्च न्यायालयात गेल्यास छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे येतात. परंतु कागद करताना झालेली चूक किंवा हुकलेली मुदत पुढे कोणत्याही पायरीवर सहजासहजी भरून निघत नाही.

वकिली १९६१च्या अधिवक्ता अधिनियमानुसार चालते. पदवीनंतर तीन किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवल्यावर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळते. वकिलाला जाहिरात करण्यास, तसेच निकालातून मिळणाऱ्या जमिनीत वाटा ठरवून फी घेण्यास मनाई आहे. म्हणून वकीलपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने काम चालवण्याच्या अधिकारपत्रावर, सही करण्यापूर्वीच फी स्पष्ट ठरवून घेणे पक्षकाराच्या हिताचे असते.

मुदतीचे महत्त्व फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या महसुली नोंदीत, विशेष दिसते. तलाठ्याने नोटीस दिल्यावर हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर सुनावणी होते, न आल्यास नोंद प्रमाणित होते आणि मग प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करावे लागते. वहिवाटीचा रस्ता अडवला गेल्यास १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र तीही सहा महिन्यांच्या आत. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसल्यामुळे जुने फेरफार, खरेदीखत आणि मोजणी नकाशा एकमेकांशी ताडून पाहणे हे जाणत्या वकिलाचे पहिले काम ठरते.

वारशाच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही माहेर तुटू नये म्हणून अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. हा दस्तऐवज नोंदणीकृत झाल्यावर सहज फिरवता येत नाही, म्हणून त्याचा परिणाम सहीपूर्वी समजावून सांगणारा वकील त्यांना लाभणे अत्यंत गरजेचे आहे.

हक्क पुस्तकात असणे आणि पदरात पडणे यांतले अंतर सोनईजवळच्या शनिशिंगणापूरच्या शनिमंदिरातही दिसले. उपासनास्थळांतील प्रवेशाचे संरक्षण करणारा राज्याचा कायदा १९५६चा; परंतु स्त्री-चळवळीतील कार्यकर्त्या विद्या बाळ आणि ज्येष्ठ वकील नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्त्रियांच्या प्रवेशहक्काच्या रक्षणाची जबाबदारी शासनाची असल्याचे बजावले, आणि त्यानंतर गुढीपाडव्याला तेथील शनीचा चौथरा स्त्रियांना खुला झाला.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून आपला हक्क सोडण्याची वेळ येऊ नये, यासाठीच १९८७चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती आदींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तर इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिला हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. ही माहिती ग्रामसभेत, बचत गटांच्या बैठकीत आणि कारखान्याच्या गट कार्यालयात सातत्याने पोहोचली, तर सोनईतील बाईला किंवा अल्पभूधारकाला वकिलाचा सल्ला वाद चिघळल्यावर नव्हे, तर सही करण्याआधी मिळू शकेल.