नाव आधी, लोगो नंतर!

सोमवार ते शुक्रवार विरार फास्टमधली लटकंती आणि वीकेण्डला घरच्या ओव्हनमध्ये केक! वसई-विरारमध्ये असा साइड बिझनेस करणारे तुमच्या सोसायटीतही असतील. कदाचित तुम्हीच असाल. बॉक्स छापून झाले, इन्स्टावर फॉलोअर्सही जमले. पण ते नाव तुमचं आहे का?

‘म्हणजे काय? गुमास्ता काढलाय, डोमेन बुक केलंय!’ बॉस, यातल्या कशानेही नाव तुमच्या मालकीचं होत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क लागतो.

समजा, केकसोबत वसईची सुकेळीही विकायचीय. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेला हा मेवा. पाकिटावर ‘वसई सुकेळी’ लिहिलं की गिऱ्हाईक लगेच ओळखणार. गोची तिथेच आहे! गावाचं नाव अधिक मालाचं नाव, असा ट्रेडमार्क सहसा कुणा एकाला मिळत नाही. शेजारचा स्टॉलवालाही तेच लिहील. अशा नावासाठी जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला ते २०१६ मध्ये मिळालं. पण ते साऱ्या परिसराचं. शिवाय प्रत्येक बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. (टॅग आला, पेढे वाटले, संपलं, असं नसतं!)

म्हणून स्वतःचं, हटके नाव शोधा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर ते आधी कुणी घेतलंय का, हे फुकटात बघता येतं. नुसतं स्पेलिंग बदलून भागत नाही, उच्चार सारखा असला तरी अडतं. केक वर्ग ३० मध्ये, सुकवलेली फळं २९ मध्ये. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. जर्नलमध्ये नाव छापून आलं की चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. सगळं पार पडलं, तर अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं नाव तुमचं, पुढे रिन्यू करायचं. तोवर नावापुढे ‘टीएम’ चालतं. गोलातला ‘आर’ मात्र रजिस्ट्रेशननंतरच!

लोगो मित्राने फुकट करून दिलाय? मग त्याच्याकडून हक्क लेखी घ्या, नाहीतर कॉपीराइट त्याचाच राहू शकतो. आणि पहिलं बिल तारखेसकट जपून ठेवा. उद्या कुणी त्याच नावावर हक्क सांगत आला, तर आधी कोण वापरत होतं हे त्यावरूनच दाखवता येईल.