मूल सांगू लागलं, तर?

लैंगिक अत्याचाराबद्दल मूल तोंड उघडतं ते बहुधा आईपाशी, बाईंपाशी किंवा अंगणवाडीताईपाशी. तिथे ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ असं कुणी विचारलं, की ते गप्प होतं. प्रशिक्षणाची खरी गरज इथे आहे. पोलिसांना २०१२च्या पॉक्सो कायद्याने शिस्त घालून दिली: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. (गणवेश उतरला तरी आवाजातला दरारा उतरतोच असं नाही, त्याला सराव लागतो.) गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच, शाळेच्या अब्रूची सबब चालत नाही. चाइल्ड हेल्पलाइन: १०९८, मोफत, चोवीस तास.